बसचे भाडे आणि बसची वाट

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १ जूनपासून, पुण्यातील पीएमपीचे किमान भाडेही पाचावरून दहावर गेले. दोन्ही शहरांत त्यावर जो वाद झाला तो अपेक्षेप्रमाणेच झाला. एका बाजूने गरिबाच्या खिशाचा दाखला दिला, तर दुसऱ्या बाजूने इंधन, वेतन आणि साचत गेलेल्या तोट्याचे आकडे मांडले. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य केली होती, ती म्हणजे बसप्रवासाची किंमत तिकिटावर छापलेली असते. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. बसने जाणारा माणूस वाहकाच्या हातात जे ठेवतो त्याहून कितीतरी जास्त किंमत तो थांब्यावर उभा राहून चुकवतो, आणि गेल्या काही वर्षांत मुंबईत भाड्याचे आकडे खाली-वर होत असताना ही दुसरी किंमत मात्र सतत वाढतच गेली. तिची नोंद कोठे होत नाही आणि तिच्या वाढीला कोणाची मंजुरीही लागत नाही.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. महिन्याला पंधरा हजार रुपये मिळवणारा आणि सव्वीस दिवस, रोज आठ तास काम करणारा माणूस घेतला, तर त्याच्या एका मिनिटाची कमाई साधारण सव्वा रुपया होते. म्हणजे भाड्यातील पाच रुपयांची वाढ ही त्याच्या चार मिनिटांच्या कमाईएवढी आहे. याच माणसाला पूर्वी दहा मिनिटे बसची वाट पाहावी लागत होती आणि आता पंचवीस मिनिटे पाहावी लागते, असे झाले तर त्याच्यावर एका फेरीमागे अठरा-एकोणीस रुपयांचा बोजा पडला. पण या वाढीविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही. थांब्यावरच्या मिनिटांचे रुपये होत नाहीत, तो माणूस तेवढ्या वेळात काही कमावणार नव्हता, असे यावर म्हणता येईल. ज्यांना वेळेवर पोचण्याचे पैसे मिळतात आणि उशिराचे कापले जातात त्यांच्या बाबतीत हे खरे नाही. सकाळी चार घरची कामे करणाऱ्या बाईची पहिल्या घरी पंधरा मिनिटे चुकली की उरलेली तीनही घरे चुकतात. अनेक लहान कार्यालयांत आणि दुकानांत तीन उशिरा म्हणजे अर्धा दिवस कापण्याचा रिवाज आहे. शिवाय बस वेळेवर येईल याचा भरवसा नसला की माणूस रोजच वीस मिनिटे आधी निघू लागतो, आणि बस वेळेवर आली त्या दिवशीसुद्धा ती वीस मिनिटे त्याच्या झोपेतून वजा झालेली असतात.

याचा अर्थ पाच रुपये किरकोळ आहेत असा मी काढत नाही. घरातील दोन माणसे रोज बसने जाऊन-येऊन करत असतील, तर चार तिकिटांमागे दिवसाला वीस आणि महिन्याला पाचशेहून अधिक रुपये वाढतात. पंधरा हजारांच्या घरखर्चात पाचशे रुपये म्हणजे एखाद्या मुलाच्या शिकवणीची फी. ज्यांना बस, मग लोकल आणि पुन्हा बस असा प्रवास करावा लागतो त्यांच्यावर ही वाढ दोनदा बसते, कारण आपल्याकडे वाहन बदलले की किमान भाडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भाडेवाढीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच खोटे नाही. ते अपुरे आहे, एवढेच.

वाट पाहण्याच्या हिशेबात आणखी एक गोम आहे. एखाद्या मार्गावर तासाला चार बस असतील आणि त्या बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी येत असतील, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच चार बस जोडीजोडीने, अर्ध्या-अर्ध्या तासाने आल्या, तर सरासरी पंधरा मिनिटांवर जाते. चारही एकापाठोपाठ आल्या, तर तीस मिनिटांवर. तिन्ही वेळा बसची संख्या तीच, किलोमीटर तेवढेच, डिझेल किंवा वीजही तेवढीच, आणि आगाराच्या नोंदवहीत चारही फेऱ्या पूर्ण झाल्याची नोंद. अर्धा तास काहीच येत नाही आणि मग तीन गाड्या एकदम येतात, ही मुंबईकराची जुनी तक्रार आहे आणि ती नशिबाची गोष्ट नाही. पुढची बस सिग्नलवर दोन मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढे जास्त प्रवासी जमलेले असतात, त्यांना चढवून घ्यायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती भराभर पुढे येऊन तिला गाठते. पहिली खच्चून भरलेली आणि तिच्या मागोमाग येणारी दुसरी अर्धी रिकामी, हे दृश्य त्यातून तयार होते. त्यावर उपाय आहेत, उदाहरणार्थ मधल्या एखाद्या थांब्यावर मागच्या बसला मुद्दाम दोन मिनिटे रोखणे किंवा आगारातून निघण्याच्या वेळा मार्गावरच्या परिस्थितीनुसार बदलणे. त्यासाठी मार्गावर पर्यवेक्षक लागतो आणि त्याला तसा अधिकार द्यावा लागतो. पण ज्या व्यवस्थेचे मोजमाप झालेल्या फेऱ्या आणि कापलेले किलोमीटर यांवरच होते, तिला हे करण्याचे काही कारणच उरत नाही.

मुंबईने गेल्या काही वर्षांत या बाबतीत नकळत एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे, आणि त्याच्याकडे नीट पाहण्याऐवजी आपण तो विसरून चाललो आहोत. २०१५ मध्ये बेस्टने फेब्रुवारी आणि एप्रिल अशा दोन टप्प्यांत किमान भाडे सहावरून आठ रुपये केले. तोटा कमी होईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रवासी शेअर रिक्षाकडे वळले. २०१० च्या आसपास ज्या बेस्टकडे साडेचार हजारांच्या घरात गाड्या आणि रोजचे चाळीस लाखांहून अधिक प्रवासी होते, तिचे प्रवासी २०१९ पर्यंत निम्म्यावर आले. त्या वर्षीच्या जानेवारीतील नऊ दिवसांच्या संपानंतर महापालिका, बेस्ट आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला आणि ९ जुलै २०१९ पासून पाच किलोमीटरपर्यंतचे भाडे पाच रुपये, वातानुकूलित बसचे सहा रुपये करण्यात आले. वातानुकूलित बसचे किमान भाडे त्याआधी वीस रुपये होते, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. काही महिन्यांतच रोजची प्रवासीसंख्या पुन्हा तीस लाखांच्या आसपास पोचली. रिक्षाच्या रांगा घटल्या, बस भरून जाऊ लागल्या. (सहा रुपयांच्या तिकिटासाठी दहाची नोट पुढे करणारे प्रवासी आणि चार रुपये सुट्टे कोठून आणू असे विचारणारे वाहक यांचे संवाद हा या काळाचा एक वेगळाच ठेवा आहे.) भाडे कमी केल्याने माणसे बसकडे परततात, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. त्याच करारात बेस्टच्या स्वमालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम ठेवण्याचे मान्य करण्यात आले होते आणि त्यावर भाडेतत्त्वावरील गाड्यांची भर पडणार होती. जुन्या गाड्या आयुर्मान संपल्याने मोडीत निघाल्या, त्यांच्या जागी नव्या घेतल्या गेल्या नाहीत, आणि २०२५ पर्यंत स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या. भाड्याच्या गाड्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या खाली गेला. म्हणजे पाच रुपयांत मिळणारा प्रवास बसच येत नसल्यामुळे पंचवीस-तीस मिनिटे वाट पाहण्याचा झाला. ज्या शहराने भाडे कमी केले त्याच शहराने गाड्याही कमी होऊ दिल्या, आणि भाड्यात दिलेली सवलत प्रवाशाच्या वेळातून परत वसूल केली. २०२५ ची भाडेवाढ अन्यायाची वाटते ती रकमेमुळे नव्हे, तर ही वसुली चालू असतानाच तिकिटाचे पैसेही दुप्पट झाले म्हणून.

भाडेतत्त्वाच्या या व्यवस्थेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बससेवेच्या खर्चाचे कोडे तिच्यातच अडकले आहे. या पद्धतीत बस आणि चालक कंत्राटदाराचे, वाहक आणि मार्ग बेस्ट उपक्रमाचे, आणि कंत्राटदाराला मोबदला मिळतो तो धावलेल्या किलोमीटरमागे. कागदावर हे स्वस्त पडते. स्वस्त पडण्याचे मुख्य कारण मात्र यंत्राची कार्यक्षमता नसून चालकाचा कमी पगार हे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी काम बंद केले तेव्हा शेकडो गाड्या आगारांत उभ्या राहिल्या, आणि भांडण कंत्राटदार व कामगार यांचे असल्याने उपक्रमाला त्यात थेट काही करता येईना. दर परवडत नाही म्हणून काही कंत्राटदार मुदतीआधीच निघून गेले आणि त्यांच्या गाड्याही त्यांच्याबरोबर गेल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विद्युत बसने पादचाऱ्यांना आणि वाहनांना चिरडल्यानंतर चालकाला त्या प्रकारच्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न सर्वांनी विचारला. पण प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कंत्राटाच्या अटींत कोठे बसतो, याची चर्चा फारशी झाली नाही. खासगी कंत्राटदार असूच नये असे माझे मत नाही. लंडनमधील बस तर बव्हंशी खासगी कंपन्याच चालवतात. मात्र तेथे वारंवार धावणाऱ्या मार्गांवर प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा सरासरी किती मिनिटे जास्त थांबावे लागले, हे मोजले जाते आणि कंपनीच्या मोबदल्यात त्यानुसार वाढ किंवा कपात होते. आपण कंत्राट घेतले, आणि कंत्राटातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग तेवढा सोडून दिला.

बेस्टच्या आर्थिक दुखण्याचे मूळ शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली, ती चालवणारी कंपनी वीजही पुरवत होती आणि ट्रामही चालवत होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा व्यवसाय महापालिकेच्या मालकीचा झाला. त्यानंतर अनेक दशके विजेच्या व्यवसायातील शिल्लक परिवहनाची तूट भरून काढत असे, आणि त्यामुळे बसचे भाडे किती असावे या प्रश्नाला महापालिकेला कधी समोरासमोर भिडावेच लागले नाही. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजग्राहकाकडून बससाठी पैसे घेणे अवघड होत गेले, न्यायालयीन लढाया झाल्या आणि शेवटी तो आधार गेला. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिले तर ते न्याय्यच होते. कुलाब्याच्या किंवा दादरच्या भाडेकरूने आपल्या वीजबिलातून मालाडच्या बसचा खर्च का उचलावा, याला समाधानकारक उत्तर नव्हते. परंतु तो आधार काढून घेतला त्या दिवशीच त्याच्या जागी दुसरा उभा करायला हवा होता. तो उभा केला गेला नाही. महापालिकेने पैसे दिले ते कधी कर्ज म्हणून, कधी अनुदान म्हणून, कधी मोठी विनवणी झाल्यावर. आणि बेस्टच्या अधिकाऱ्यांचा वेळ बस चालवण्यापेक्षा पुढच्या महिन्याचा पगार कसा होईल या विवंचनेत गेला.

आता महापालिकेची ऐपत पाहू. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यात बेस्टसाठी १,००० कोटींची तरतूद होती, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. कुलाबा ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो सुमारे ३७ हजार कोटी रुपयांत पूर्ण झाली. भागाकार केला तर तिचा एक किलोमीटर अकराशे कोटींना पडतो. साऱ्या मुंबईच्या बससेवेला महापालिका वर्षभरात जे देते ते एक किलोमीटर भुयारी मार्गालाही पुरत नाही. तुलना पूर्ण प्रामाणिक नाही, हे मान्य करतो: भुयार एकदा खणले की शंभर वर्षे टिकते, त्याचा पैसा कर्जाऊ मिळतो आणि तो वेगळ्या तिजोरीतून येतो, तर बसचे अनुदान दर वर्षी नव्याने द्यावे लागते. तरीही प्राधान्य कोठे आहे ते त्यातून कळते. मेट्रोमध्ये बसण्यासाठी माणसाला स्थानकापर्यंत जावे लागतेच, आणि तेथे जाण्याची सोय नसेल तर स्थानकाखाली रिक्षांचा कोंडाळा जमतो. मेट्रो आली म्हणून बसची गरज संपली असे म्हणणाऱ्यांनी सायंकाळी सहाच्या पुढे अंधेरी किंवा घाटकोपर येथे एकदा उतरून पाहावे.

खर्चाचा प्रश्न निघाला की बसलाच तेवढा ताळेबंद मांडावा लागतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. मोटारचालकांना दिलेल्या या सवलतीला कोणी तोटा म्हटले नाही. महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून बांधलेल्या सागरी किनारा मार्गावरून मोटारी फुकट जातात, आणि त्या मार्गाचे उत्पन्न किती, असे कोणी विचारत नाही. रस्त्याच्या कडेला दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या शहरातील सर्वांत महागडी जमीन बहुतेक ठिकाणी विनामूल्य वापरतात. यातील प्रत्येक गोष्टीचे समर्थन करणारे युक्तिवाद असतील. पण ज्या युक्तिवादाने रस्ता ही सार्वजनिक सोय ठरते, त्याच युक्तिवादाने त्या रस्त्यावरून एका वेळी पन्नास-साठ माणसे नेणारी बसही सार्वजनिक सोयच ठरते.

यामागे अर्थशास्त्रातील एक जुना विचार आहे. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये असे दाखवले की बसमार्गावर प्रवासी वाढले आणि त्यानुसार बस वाढवल्या, तर प्रत्येकाचा थांब्यावरचा वेळ कमी होतो. म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशाचाही फायदा करून देतो. रस्त्यावरच्या मोटारींचे नेमके उलटे असते, तेथे प्रत्येक नवी मोटार आधीच्यांना अडवते. बसला सार्वजनिक पैसा द्यावा याचे हे भक्कम कारण आहे, आणि दयेपोटी दिलेल्या अनुदानाहून ते फार वेगळे आहे. परंतु या विचारातच एक अट दडलेली आहे: प्रवासी वाढल्यावर बस वाढल्या पाहिजेत. २०१९ नंतर मुंबईत नेमका हाच दुवा तुटला. प्रवासी आले, बस कमी झाल्या, आणि नवा प्रवासी जुन्याला दारात लोंबकळायला लावणारा प्रतिस्पर्धी ठरला.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे बसचा खरा स्पर्धक रिक्षा नसून घराघरातील दुचाकी आहे. १ जून २०२५ च्या वाढीत पीएमपीचा पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन्ही शहरांत चालणारा दैनिक पास चाळीसवरून सत्तर रुपये झाला आणि मासिक पास नऊशेवरून दीड हजार. रोज जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर करणाऱ्या पुणेकराच्या स्कूटरला साधारण अर्धा लिटर पेट्रोल लागते, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये. चाळीसचा पास या हिशेबात जिंकत होता, सत्तरचा हरतो. आणि मागच्या आसनावर कोणी बसले तर दुचाकीचा खर्च माणशी निम्मा होतो. गाडीची किंमत, विमा, दुरुस्ती आणि खड्ड्यांमुळे जडणारी पाठदुखी धरली तर निकाल कदाचित बदलेल, पण घराबाहेर पडताना कोणी हे धरत नाही. गाडी दारात उभी आहे आणि तिची वाट पाहावी लागत नाही, एवढे पुरते. म्हणून पुण्यात भाड्याच्या स्पर्धेपेक्षाही वेळेची स्पर्धा महत्त्वाची होती, आणि ती जिंकण्याचे साधन शहराने २००६ मध्ये कात्रज ते हडपसर मार्गावर देशात फार लवकर हाती घेतले होते: बससाठी स्वतंत्र मार्गिका. तिची रचना सदोष होती, अंमलबजावणी अर्धवट होती, पादचाऱ्यांची सोय विचारात घेतलेली नव्हती, हे सारे खरे. दोष दुरुस्त करण्याऐवजी पुढे नगर रस्त्यावरील मार्गिकेचा मोठा भाग उखडून टाकण्यात आला आणि वाहतूक सुरळीत होईल असे सांगण्यात आले. कोणाची वाहतूक, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

सोयीचा विचार करताना वेळेबरोबर शरीराचाही विचार करावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच पायरीची बस पाच रुपयांत मिळाली काय नि फुकट मिळाली काय, दोन्ही सारखेच. थांबा फुटपाथपासून तुटलेला असतो, बस रस्त्याच्या मध्येच उभी राहते, आणि थांब्याच्या छतावर जाहिरात झळकत असते पण तेथून कोणती बस कोठे जाते याचा साधा नकाशा नसतो. वाहकाशिवाय चालवलेल्या बसमध्ये कोणाला विचारायचे, हे वृद्धांना कळत नाही. मोबाइलवर बसचे ठिकाण दिसू लागले ही फार चांगली सुधारणा आहे. बस येणार नाही, हे त्यामुळे निदान लवकर समजते.

या साऱ्यावर सोपा आणि लोकप्रिय उपाय म्हणून मोफत प्रवासाकडे पाहिले जाते. दिल्लीत २०१९ पासून, कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना बसप्रवास मोफत आहे. आपल्याकडे एसटीने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास देऊ केला. या योजनांचा मी विरोधक नाही. माहेरी जायचे तर नवऱ्याकडे पैसे मागावे लागत होते, ते आता अर्धे झाले, असे सांगणाऱ्या बायका गावोगाव भेटतात, आणि प्रवासाची मुभा ही किती मोठी गोष्ट आहे हे त्यांच्याकडूनच ऐकावे. एसटीच्या सवलतींतील घेण्यासारखी बाब म्हणजे सवलत राज्य सरकार जाहीर करते आणि तिची भरपाई महामंडळाला सरकारने द्यायची असते. ती रखडते हा भाग वेगळा, पण तत्त्व बरोबर आहे. तरीही जेथे बस दिवसातून दोनदा येते, तेथे अर्धे तिकीट अर्ध्याहून कमी उपयोगाचे असते. कर्नाटकातही जानेवारी २०२५ मध्ये तिकिटाचे दर पंधरा टक्क्यांनी वाढवावे लागले, कारण सवलतीचा पैसा गाड्या वाढवायला पुरत नव्हता आणि डिझेलचे बिल थांबत नव्हते.

मग माझे म्हणणे काय? सार्वजनिक पैसा मर्यादित असेल आणि भाडे कमी करणे किंवा बस वाढवणे यांपैकी एकच निवडायचे असेल, तर मी बस वाढवणे निवडेन. दर आठ-दहा मिनिटांनी येणाऱ्या बसचे दहा रुपये लोक कुरकुरत का होईना देतील. अर्ध्या तासाने येणाऱ्या बसचे पाच रुपये देणारे फक्त तेच उरतात ज्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही. ज्यांना दहा रुपये खरोखर जड आहेत त्यांच्यासाठी स्वस्त पास असावा, आणि बस बदलली तरी तासाभराच्या आत पुन्हा किमान भाडे पडू नये. हे दोन्ही आजच्या तिकीटयंत्रांना आणि कार्डांना सहज जमण्यासारखे आहे. त्याचा खर्च महापालिकेने दर वर्षी ठरलेल्या सूत्राने द्यावा, विनवणीवर ठेवू नये. आगारांच्या जमिनी विकून किंवा विकासकाला देऊन पैसा उभारण्याचा मार्ग मला धोक्याचा वाटतो. जमीन एकदाच विकता येते, आणि आगार दूर गेले की बसला मार्गावर येण्यासाठी रोज रिकामे धावावे लागते, त्याचा खर्च कायमचा मागे लागतो.

२०२५ ची भाडेवाढ मंजूर झाली तेव्हा मुंबई महापालिकेची मुदत संपून तीन वर्षे उलटली होती, मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता आणि बेस्ट समितीत प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. लोकप्रतिनिधी असते तर वाढ टळली असती, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. २०१५ ची वाढ त्यांच्याच काळात झाली होती. पण निदान त्या वाढीच्या बदल्यात काय देणार, हे सभागृहात नोंदवून घेता आले असते. यापुढे भाड्याचा कोणताही प्रस्ताव परिवहन प्राधिकरणापुढे जाईल तेव्हा त्याच्यासोबत एक तक्ता जोडणे बंधनकारक करावे: प्रत्येक मार्गावर गर्दीच्या वेळी प्रवाशाला गेल्या वर्षी सरासरी किती मिनिटे थांबावे लागले आणि वाढीनंतर किती मिनिटे थांबावे लागेल. त्यासाठी लागणारी माहिती मोबाइलवर ठिकाण दाखवणाऱ्या त्याच यंत्रणेत रोज जमा होत असते. ती काढून मांडायला नवे काही विकत घ्यावे लागणार नाही. सांगितलेली मिनिटे सहा महिन्यांत कमी झाली नाहीत तर त्या मार्गावरची वाढ रद्द व्हावी, आणि कंत्राटदाराच्या देयकातूनही त्याच तक्त्यानुसार कपात व्हावी.